चेंडू आधी कुणाला लागला?

सॉफ्टबॉलच्या मैदानावर पंच म्हणून मी पुष्कळ वर्षे उभा राहिलो. त्या काळात चुका अनेक झाल्या आणि बहुतेक विसरूनही गेलो. एक मात्र विसरता आली नाही. आज ती लिहून काढावी असे वाटते, कारण तिचा संबंध केवळ खेळाशी नाही.

दापोडीतल्या एका मैदानावरची ती रविवारची दुपार होती. सकाळची मिस्सा आटोपून, घरी जेवून, चेंडू मोजायचा लहानसा इंडिकेटर खिशात टाकून मी निघालो होतो. मैदानापासून रेल्वेचा मार्ग जवळ. मधूनमधून लोणावळ्याची लोकल धडधडत जाई आणि तेवढ्यापुरते कुणाचेच बोलणे ऐकू येत नसे. सुट्टीतल्या सराव शिबिराचा शेवटचा सामना, आसपासच्या वस्त्यांतल्या शाळकरी मुलींचे दोन संघ. कडेला सतरंज्या टाकून पालक बसले होते. एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत उभी हयात काढलेले दोघे-तिघे आजोबाही नातींसाठी आले होते.

ज्या वाचकांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 1887 साली शिकागोत जॉर्ज हॅनकॉक यांनी हा खेळ बंद दालनात सुरू केला. तेव्हा चेंडू म्हणून मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने आवळून वापरला होता. पुढे तो मैदानावर आला, 1996 साली मुलींसाठी ऑलिंपिकमध्ये गेला. आपल्या महाराष्ट्रात तो शालेय क्रीडा स्पर्धांतून घरोघरच्या मुलींपर्यंत पोहोचला. चार बेस, दोन बेसमध्ये साठ फूट अंतर, आणि प्रत्येक संघाच्या सात इनिंग. बेसबॉलमध्ये हेच अंतर नव्वद फूट असते. त्यामुळे सॉफ्टबॉलमध्ये सारे काही जवळजवळ घडते, आणि पंचाला विचार करायला वेळ फार थोडा मिळतो.

सातव्या इनिंगचा उत्तरार्ध चालू होता. फलंदाजी करणारा संघ एका धावेने मागे, दोघी बाद झालेल्या, आणि दुसऱ्या बेसवर एक शिडशिडीत मुलगी उभी. फलंदाजाने जमिनीलगत सणसणीत फटका मारला. पिचर डावीकडे झेपावली. चेंडू तिच्याजवळून पुढे आला आणि तिसऱ्या बेसकडे धावणाऱ्या त्या मुलीच्या घोट्यावर आदळला. मी दोन्ही हात वर करून 'डेड बॉल' असे ओरडलो आणि धावणाऱ्या मुलीला बाद दिले. सामना संपला.

ती जागची हलली नाही. "सर, चेंडू आधी तिच्या ग्लोव्हला लागला होता," ती म्हणाली.

"निर्णय झाला आहे," मी म्हणालो.

तिने हेल्मेट काढले आणि मान खाली घालून ती निघून गेली. "बघून पळायला काय झालं होतं?" असे तिच्याच संघातले कुणीतरी तिला म्हणाल्याचे मी ऐकले.

तिच्या त्या एका वाक्यात नियमाचे सारे मर्म होते. फटकावलेला चेंडू कुणाही क्षेत्ररक्षकाला न लागता बेस सोडलेल्या धावपटूला लागला, तर एक-दोन अपवाद वगळता तो बाद होतो. तेथे हेतू विचारला जात नाही. बॅटवरून येणारा चेंडू पाहणे आणि चुकवणे ही त्याची जबाबदारी. परंतु चेंडू आधी क्षेत्ररक्षकाला लागून दिशा बदलून आला, आणि धावपटूला तो चुकवता येण्यासारखा नव्हता, तर तो बाद नाही; चेंडू जिवंत राहतो, खेळ पुढे चालतो. मात्र अशा वळलेल्या चेंडूला त्याने मुद्दाम पाय लावला तर तो बादच. क्रिकेट पाहणाऱ्यांना याचा जवळचा नातेवाईक ठाऊक असेल. सरळ मारलेला चेंडू समोरच्या यष्ट्यांवर आदळतो आणि पलीकडचा फलंदाज क्रीजबाहेर असतो. गोलंदाजाचे बोट चेंडूला लागले असेल तरच तो बाद. सारा निर्णय त्या निसटत्या स्पर्शावर ठरतो.

तो स्पर्श मला दिसला नव्हता, दिसणे शक्यही नव्हते. दोनच पंच असतात तेव्हा, दुसऱ्या बेसवर धावपटू असताना, मैदानातला पंच पिचरच्या मागच्या बाजूला उभा असतो. मला दिसली ती तिची पाठ. त्याच वेळी लोकल जात होती, म्हणून ग्लोव्हचा आवाजही आला नाही. होम प्लेटमागचा माझा सहकारी मात्र नेमका समोर होता. नियमाप्रमाणे एक पंच दुसऱ्याचा निर्णय आपणहून फिरवू शकत नाही. पण विचारल्यावर आपण काय पाहिले ते सांगू शकतो. त्याच्याकडे वळून दोन शब्द बोलायला मला किती वेळ लागला असता?

मी सामान आवरत असताना जिंकलेल्या संघाची पिचर माझ्याकडे आली. वय असेल चौदा. तिने उजव्या हाताने डाव्या हाताची बोटे धरली होती. "सर, चेंडू माझ्या ग्लोव्हला लागला होता. अजून झिणझिण्या येताहेत."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंच नाही, सर."

तोवर दोन्ही संघ मैदान सोडून गेले होते. हरकत घ्यायची वेळ टळून गेली होती आणि निकालावर सह्याही झाल्या होत्या. चहाच्या टपरीवर सहकाऱ्याला गाठले. तो शांतपणे म्हणाला, "मला दिसलं होतं. वाटलं, तू माझ्याकडे बघशील."

त्या रात्री मी बायबल उघडले. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. दोघे शेजारी लाकडे तोडायला रानात जातात. एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि दुसऱ्याचा प्राण जातो. मनात वैर नव्हते, हेतू नव्हता. अशा माणसाने कोठे जावे? त्याच्यासाठी शरणपुरे राखून ठेवण्याची आज्ञा तेथे आहे, आणि तेथवर जाणारे रस्ते नीट ठेवण्याचीही. कारण संतापाच्या भरात पाठलाग करणारा त्याला वाटेतच गाठण्याची भीती. आपल्या नाशिकच्या शरणपूरचे नावही त्याच अर्थाचे. पण तोच अध्याय पुढे सांगतो की दबा धरून मुद्दाम मारणाऱ्याला त्या नगरात थारा नाही. आणि त्याच अध्यायात आणखी एक नियम आहे: एकाच साक्षीदारावरून कुणाला दोषी ठरवू नये, दोन किंवा तीन हवेत.

मी हा अध्याय पूर्वीही वाचला होता. त्या रात्री तो मला पंचांसाठीच लिहिल्यासारखा वाटला. निसटलेले पाते आणि वळलेला चेंडू यांत फरक तो किती? आणि दुसरा साक्षीदार माझ्यापासून काही पावलांवर उभा होता!

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण शिकलो की महापाप घडण्यासाठी तीन गोष्टी लागतात: गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती. देव माणसाला दोषी ठरवताना इतके पाहतो. आपण मात्र घोट्यावर आदळलेला चेंडू पाहतो आणि हात वर करतो. कुणाचा मुलगा शाळा सोडतो, कुणाचा संसार मोडतो, कुणाची नोकरी जाते. तो चेंडू आधी कुठे आपटून त्याच्याकडे वळला, हे विचारायला आपण थांबत नाही. कडेला बसून "बघून पळायला काय झालं होतं?" एवढेच म्हणतो.

मिस्सेच्या आरंभी छातीवर हात मारून आपण ज्या पापांची कबुली देतो, त्यांत जे करायला हवे होते ते न केल्याचे पापही असते. माझे पाप त्या जातीचे होते. चुकीचे दिसणे हा माझा दोष नव्हता. न विचारणे हा होता, आणि त्यामागे होता अहंकार: पालकांसमोर दुसऱ्याला विचारले तर माझा मान कमी होईल. शनिवारी पापनिवेदनाला गेलो तेव्हा हे सांगितले. मला वाटले होते, फादर हसतील. ते हसले नाहीत. "देवाला सांगितलंत, ठीक झालं. पण ज्या मुलीला चारचौघांत दोष दिलात, तिला चारचौघांतच सांगायला हवं," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी दोन्ही संघ सरावाला आले होते. पालकही होते. मी सर्वांना बोलावले, काय घडले ते सांगितले, नियम समजावला आणि त्या मुलीची क्षमा मागितली. चौदा वर्षांच्या पिचरने स्वतःच्या संघाच्या विरुद्ध जाणारे सत्य आपणहून सांगितले, हेही सांगितले. निकाल बदलला नाही. तो बदलणे माझ्या हाती नव्हते. बाद दिलेली मुलगी थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, पुन्हा असं झालं तर विचाराल ना?"

"विचारीन," मी म्हणालो.

तो शब्द पाळण्याची वेळ पुढच्याच हंगामात आली. चेंडू पिचरच्या ग्लोव्हला लागून मंद गतीने घरंगळत शॉर्टस्टॉपकडे निघाला होता. त्याच मुलीच्या संघातली दुसरी एक मुलगी धावत होती. तिला वळसा घालून जायला भरपूर जागा होती. तिने पाय पुढे केला आणि चेंडू दूर ढकलला. मी खेळ थांबवला, होम प्लेटपर्यंत चालत गेलो आणि सहकाऱ्याला विचारले. त्याने पाहिलेले आणि मी पाहिलेले जुळत होते. मी तिला बाद दिले.

त्यांच्या संघात कुजबुज झाली. एकीने चढ्या आवाजात म्हटले, "चेंडू तर आधी पिचरला लागला होता!" तेव्हा ती शिडशिडीत मुलगी बाकावरून उठली आणि तिला म्हणाली, "सरांनी विचारलंय. बस खाली."

आजही कुणाचा दोष माझ्यासमोर उघडा दिसतो आणि हात वर करण्याचा मोह होतो, तेव्हा मला ती चौदा वर्षांची पिचर आणि तिची झिणझिण्या आलेली बोटे आठवतात. मी थांबतो, आणि जेथून मला दिसत नाही तेथे उभा असलेला कुणी आहे का, ते आधी पाहतो.