अपील न करण्याचा सल्ला

महापालिका आणि नगरपरिषदांच्या वतीने उच्च न्यायालयात उभ्या राहणाऱ्या वकिलाचे काम म्हणजे खाली हरलेले प्रकरण वर जाऊन जिंकून देणे, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते या व्यवसायातले सर्वांत मोलाचे काम दुसरेच आहे: कोणते अपील करू नये हे अशिलाला वेळेत आणि लेखी सांगणे. अपिलात नवा पुरावा सहसा देता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 27 ने ती वाट फार अरुंद ठेवली आहे. त्यामुळे वॉर्ड ऑफिसातल्या कनिष्ठ अभियंत्याने नोटिशीत काय लिहिले, पंचनाम्यात मोजमापे आहेत का, नोटीस बजावल्याची पोच फाइलला लागली आहे का, यावर अपिलाचे भवितव्य बरेचसे आधीच ठरलेले असते. अंधेरीतल्या एका चित्रपटगृहाच्या परवानगीवरून गोरधनदास भानजी यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सार्वजनिक आदेशाचा अर्थ तो देताना लिहिलेल्या शब्दांवरूनच लावायचा, नंतरच्या खुलाशांवरून नाही, हे तिथे 1951 मध्ये ठरले. पुढे 1977 मध्ये मोहिंदरसिंग गिल प्रकरणात ते तत्त्व अधिक ठामपणे मांडले गेले. मूळ आदेशात नसलेली कारणे प्रतिज्ञापत्रात घालून आणा, असा आग्रह अजूनही वकिलाकडे धरला जातो. तो मान्य करणारा वकील अशिलाचे हित पाहत नाही.

याचा सर्वांत महागडा दाखला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 मध्ये सापडतो. विकास आराखड्यात उद्यान, शाळा, क्रीडांगण यांसाठी जमीन आरक्षित होते. 10 वर्षांत ती ताब्यात आली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत आधी 6 महिने होती. 2009 मध्ये ती 12 आणि 2015 मध्ये 24 महिने झाली. पावले म्हणजे काय, हा प्रश्न गिरनार ट्रेडर्स प्रकरणात 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला. सर्वसाधारण सभेचा ठराव किंवा शासनाकडे धाडलेला प्रस्ताव पुरेसा नाही, तेव्हाच्या भूसंपादन कायद्याच्या कलम 6 ची घोषणा हवी, असे बहुमताने ठरले. निकाल स्वच्छ होता. तरीही ठराव केला होता एवढ्याच बळावर अपील लढवायचे, हा मोह सुटत नाही. यावर आक्षेप येतो की शहराची कोट्यवधींची जमीन डोळ्यांदेखत सोडून द्यायची का? आक्षेपामागची तळमळ खरी आहे, कारण दाट वस्तीत गेलेले मैदान पुन्हा मिळत नाही. पण स्थगिती मिळवून काही वर्षे काढली म्हणून तिथे मैदान उभे राहत नाही. मालकाची जमीन अडकते, महापालिकेचा पैसा जातो आणि मुलांना खेळायला जागा मिळत नाही ती नाहीच. मैदान वाचवायचे ते त्या 24 महिन्यांत. रोख मोबदला देऊन, किंवा मालक राजी असेल तर कलम 126 खाली हस्तांतरणीय विकास हक्क देऊन ते वाचवता येते. नोटीस आली त्याच आठवड्यात ती वकिलापर्यंत पोहोचली, तर त्याच्या ज्ञानाचा शहराला उपयोग. निकालानंतर पोहोचली, तर फार थोडा.

मग प्रत्येक पराभव गिळायचा का? मुळीच नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर एका फाइलपुरते नसून कायद्याचा अर्थच ठरवणार आहे, तो शेवटपर्यंत न्यावाच. मुंबई महापालिकेने भांडवली मूल्यावर मालमत्ता कर बसवताना केलेल्या काही नियमांना उच्च न्यायालयाने कायद्याबाहेरचे ठरवले. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये तिथेही हरली. तरी ते अपील मला योग्य वाटते, कारण साऱ्या शहराच्या कराचा पाया अनिश्चित ठेवणे कोणाच्याच हिताचे नव्हते. ओल्गा टेलिस खटल्यात 1985 मध्ये पदपथावरील अतिक्रमण हटवण्याचे मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम 314 वैध ठरले. मात्र नोटीस न देण्याची मुभा हा नियम नव्हे, एरवी नोटीस द्यावीच, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि उपजीविका जीवनाच्या हक्कात आली. महापालिकेला अधिकार मिळाला, तो कसा वापरायचा याची शिस्तही मिळाली. या निकालाचा पहिला अर्धा भाग तेवढा वॉर्ड ऑफिसला कळवणारा वकील अर्धेच काम करतो.

वकील निवडून आलेला नसतो, मग शहराच्या हिताचे त्याने का ठरवावे, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ठरवायचे त्याने नाहीच. ते महापालिकेने ठरवायचे. अडचण अशी, की ठरवायला कोणी पुढे येत नाही. अपील न करणाऱ्या अधिकाऱ्याला उद्याच्या लेखापरीक्षणाची धास्ती असते, अपील करून हरणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. म्हणून फाइल टेबलाटेबलांवर फिरते आणि मुदत टळते. सरकारी दिरंगाईला वेगळी सवलत नाही, हे टपाल खात्याच्या लिव्हिंग मीडिया प्रकरणात 2012 मध्येच बजावले गेले आहे. कारणांसह लेखी अभिप्राय फाइलला असेल, तर अधिकाऱ्याला निर्णय घेण्याचे बळ मिळते आणि नगरसेवकांना प्रश्न विचारायला आधार मिळतो. मुंबईत मार्च 2022 पासून जवळजवळ 4 वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासकाच्या अशा काळात तर हा कागद आणखी मोलाचा. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागल्याने सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या नगरपरिषदांना मुंबई गाठावी लागत नाही. मुख्याधिकाऱ्याने निकालाची प्रत नव्हे, आलेली नोटीस घेऊन वकिलाकडे जावे, एवढे ते अंतर आता कमी झाले आहे.