गाईची शीर आणि दोन क्षार

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास पांढुर्ण्याहून सौंसरकडे येत असता आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या गोठ्यापाशी आम्हांस थांबावे लागले. त्यांची संकरित गाय आदल्या रात्री व्याली होती. आता ती मान कुशीकडे वळवून निपचित पडली होती, कान थंडगार. त्या घराचा निम्मा संसार तिच्या दुधावर चालतो.

ढोरांच्या डॉक्टरांनी दुग्धज्वर सांगितला. नाव ज्वर, आणि अंग मात्र थंड! व्याल्यावर रक्तातील कॅल्शियम एकाएकी कासेत उतरते, म्हणून गाय बसते. स्कॉटलंडातील ड्रायर आणि ग्रेग यांनी १९२५ साली हे कारण मांडले.

घरचा मुलगा औषधांच्या दुकानी नोकरीस आहे. त्याने कॅल्शियम क्लोराइडच्या कुप्या पुढे केल्या. "फादर, ग्लुकोनेटपेक्षा यात तिप्पट कॅल्शियम आहे. मग हेच का देऊ नये?" हिशेब खरा होता : दहा टक्क्यांच्या १० मिलिलिटर द्रावणात क्लोराइडचे सुमारे २७० मिलिग्रॅम कॅल्शियम, ग्लुकोनेटचे सुमारे ९०. खरे सांगतो, आम्हीही मनातून त्याच्याच बाजूचे झालो.

डॉक्टरांनी कुप्या बाजूस ठेवल्या. क्लोराइड शिरेबाहेर झिरपले तर भोवतालचे मांस जळते, आणि गाईने मान झटकली की सुई हललीच. त्यांनी बोरोग्लुकोनेटची बाटली कोमट पाण्यात धरली. नुसते ग्लुकोनेट पाण्यात फार थोडे विरघळते. बोरिक आम्लाच्या संगतीने पुष्कळ विरघळते. मग कानाला नळी लावून, हृदयाचे ठोके ऐकत, थेंबथेंब औषध सोडले. घाई केली तर कोणत्याही कॅल्शियमने हृदय थांबते, असे ते म्हणाले.

माणसांच्या इस्पितळातही रीत हीच आहे. हातातील लहान शिरेत ग्लुकोनेट. हृदय बंद पडले असता, किंवा छातीतील मोठ्या शिरेत नळी असता, क्लोराइड. ग्लुकोनेटमधील कॅल्शियम यकृतावाचून सुटत नाही, असा एक समज पूर्वी होता. यकृत बदलण्याच्या शस्त्रक्रियेत, शरीरात यकृतच नसताना दोन्ही देऊन पाहिले, आणि सारख्या मात्रेने रक्तातील कॅल्शियम सारखेच वाढले, असे १९९० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे तिप्पट हवे असेल तर ग्लुकोनेटच तिप्पट द्यावे.

पाव तासाने गाईच्या अंगाला कंप सुटला, तिने ढेकर दिली, शेण टाकले, आणि धडपडत उभी राहिली. जाताना डॉक्टरांनी बजावले, "आज कास पुरती पिळू नका." हे मात्र त्या घरच्या आजींना काही केल्या पटेना.