कवेलू आणि कॉम्प्युटर

सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला दिवाळीत गावी दोन कामं हमखास मिळतात. एक म्हणजे कुणाचा तरी बायोडाटा बघणं, आणि दुसरं म्हणजे "जरा आमचा कॉम्प्युटर पाहून दे". पहिलं काम मी टाळतो. दुसरं टाळता येत नाही, कारण तो कॉम्प्युटर मामाजींचा असतो :-)

मामाजी गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात राहतात. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्ता आणि बांबू स्वतः विकायला लागल्या. मामाजींच्या ग्रामसभेचा हिशेब त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे. मे महिन्यात कुणी किती पुडे दिले, कुणाचे किती पैसे निघतात, सगळं एक्सेलमध्ये. त्याच मशीनवर भाचरं गेम खेळतात आणि लग्नाचे अल्बमही तिथेच. म्हणजे एका मशीनच्या भरवशावर एक घर आणि एक अख्खं गाव!

तर २०२५ च्या दिवाळीत बघतो तो काय, विंडोज १० ची २०१९ सालची आवृत्ती. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं मे २०२१ मध्येच थांबलेलं. मधल्या काळात एकही अपडेट नाही. कुणीतरी नेटच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवलं होतं. हे केलं की विंडोज बहुतेक अपडेट आपणहून उतरवत नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जगणाऱ्या घरात हा आळस नव्हे, काटकसर आहे. अपडेटची सगळी व्यवस्था ज्यांनी आखली त्यांच्याकडे वीज जात नाही आणि डेटाही संपत नाही, त्याला मामाजी काय करणार?

मी दुरुस्तीचं काढलं तर मामाजी म्हणाले, "चालून राहिला ना बराबर! मग काहून हात लावतं त्याले?"

मी म्हटलं, "मामाजी, तुम्ही कवेलू कधी फेरता?"

"मिरगाच्या आधी."

"मागच्या साली गळलं नसलं तरी?"

यावर ते हसले, आणि परवानगी मिळाली.

कवेलूंची ही गोष्ट नुसती मामाजींना पटवण्यापुरती नाही. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती काढली. १२ मेला त्याच भोकातून 'वॉनाक्राय' शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांत लाखो मशीनमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला, त्याच्या हत्यारांतही तेच भोक होतं. त्यात आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. दुरुस्ती फुकट उपलब्ध होती, वेळही होता. पाऊस आला तेव्हा कवेलू तसेच होते, इतकंच.

पण खरी गंमत पुढे आहे. दुरुस्ती आणायची तर नेटवर जायला हवं, आणि नेटवर जायचं ते उघड्या छपरानेच! एक्सपीच्या काळात हे फार जिवावरचं होतं. २००४ मध्ये सॅन्स या संस्थेचा अंदाज होता की दुरुस्ती न केलेलं विंडोज मशीन थेट नेटला जोडलं तर सरासरी २० मिनिटांत त्याला लागण होते. अपडेट उतरायलाच त्याहून जास्त वेळ. आज फायरवॉल आधीपासून चालू असते, हॉटस्पॉटचाही थोडा आडोसा मिळतो, त्यामुळे तेवढी घाई नाही. तरी शहाणपणाचा क्रम तोच आहे: छप्पर कोरड्यात दुरुस्त करायचं आणि मग पावसात जायचं.

म्हणून पहिल्यांदा नेट बंद. मग हिशेब, फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं बाहेरच्या हार्डडिस्कवर. फक्त कागदपत्रं हं, प्रोग्राम नाहीत. ती डिस्क माझ्या लॅपटॉपवर आधी स्कॅन केली, चार फायली उघडून बघितल्या आणि काढून कपाटात ठेवली. जोडून ठेवलेली डिस्क बॅकअप नव्हे, खंडणीवाले तीही कुलूपबंद करतात.

विंडोजची पूर्ण आवृत्ती (२०२२ ची, साडेपाच-सहा जीबी) आणि ऑक्टोबर २०२५ चं अपडेट मी पुण्याहूनच कोऱ्या पेनड्राइव्हवर नेलं होतं. या दुरुस्त्या एकत्रित असतात, शेवटचं अपडेट टाकलं की त्या आवृत्तीची आधीची सगळी त्यात येतात. दोन्ही फायली थेट मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतल्या. बाजारातली 'सगळं टाकून देतो'वाली सीडी नको, झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेनड्राइव्ह तर नकोच. २००८ चा 'कॉन्फिकर' पेनड्राइव्हवरूनही पसरत असे. आणि नॉटपेट्या? तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसला होता! म्हणजे अपडेट करायचं, पण ते कुणाच्या हातून येतंय हे बघून.

इन्स्टॉल करताना 'फायली आणि प्रोग्राम तसेच ठेवा' निवडलं, 'अपडेट आता उतरवू नका' सांगितलं. मशीन यूपीएसवर होतं, कारण मध्येच लाइट गेली तर अर्धवट विंडोज हातात राहतं. हे काम मे महिन्यात करू नये. तेव्हा वादळं असतात, आणि तेंदूचा हंगामही. मशीनला लागलेला पेनड्राइव्ह उष्टा समजायचा. माझ्या लॅपटॉपला परत न लावता तो तिथेच ठेवून आलो.

सगळं झाल्यावर फायरवॉल चालू आहे ना ते पाहिलं आणि नेट जोडलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला होता, म्हणून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं. तेव्हा दिलेली मुदत होती १३ ऑक्टोबर २०२६. हे मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, त्यामुळे पुढे लिनक्स किंवा नवं मशीन.

मीटर्ड कनेक्शन मी तसंच ठेवलं. त्याऐवजी ग्रामसभेच्या वहीत एक ओळ वाढवायला सांगितली: महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारनंतर, अपडेट हाताने. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. डेटाचा खर्च हिशेबात धरायचा, सुतळीचा धरतात तसा. ग्रामसभेने यावर चर्चा केली आणि मंजूर केलं. माझ्या ऑफिसात अशा गोष्टीला तीन मीटिंगा लागतात. असो!