नागपूरला जाताय? पिशवीत काय आणाल?

अशोक विजयादशमी जवळ आली की पनवेल परिसरातल्या वस्त्यांतून दीक्षाभूमीला जाण्याची तयारी सुरू होते. तिकिटे, मुक्काम, सोबतच्या दशम्या-चटण्या, सारे ठरते. खरेदीचे मात्र कोणीच ठरवीत नाही. शेवटच्या दिवशी गाडीची वेळ झालेली, पोरांचा हट्ट, आणि हाताला लागेल ते पिशवीत. घरी येऊन हिशेब मांडला की पैसे संपलेले असतात आणि घरात नवे पुस्तक एकही आलेले नसते. म्हणून धम्मबांधवांसाठी, विशेषतः घरखर्च सांभाळणाऱ्या आमच्या माता-भगिनींसाठी, हे चार शब्द.

जाण्याचे थोडक्यात सांगतो. पनवेलहून लोकलने ठाणे, तिथून कल्याण, आणि कल्याणला संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस धरली की सकाळी नागपूर. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. त्याच दिवशी रांगेत उभे राहावे.

पहिली खरेदी दीक्षाभूमीवरच करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली, त्या भूमीच्या आसपास या दिवसांत पुस्तकांची जेवढी दुकाने लागतात तेवढी आपल्याकडे वर्षभर हिंडूनही सापडत नाहीत. आपले छोटे प्रकाशक याच दोन-तीन दिवसांवर वर्षाचे गणित बसवतात. एकेकाचे दुकान म्हणजे एक ताडपत्री आणि दोन बाकडी! तिथे दिलेला रुपया पुढच्या पुस्तकाच्या कागदाला लागतो. तेव्हा पुस्तकाच्या किमतीत घासाघीस करू नये.

शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड शासकीय दुकानात मिळतात. रांग मोठी असते आणि हवा तो खंड संपूनही जातो, म्हणून सकाळीच जावे. एक गोष्ट लक्षात ठेवावी. बहुतेक खंड इंग्रजीत आहेत. जाड पुस्तक आणि कमी किंमत पाहून उचलले आणि घरी कोणालाच वाचता आले नाही, असे होऊ नये. मराठी भाषणे हवी असतील तर अठरावा खंड मागावा. त्याचे तीन भाग आहेत. कॉलेजात जाणारी मुलगी-मुलगा असेल तर इंग्रजी खंड जरूर घ्यावा. ज्यांच्या घरी अजून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ नाही त्यांनी आधी तो घ्यावा, बाकी सारे नंतर.

मूर्ती घेताना सोनेरी रंगाला भुलू नये. प्लॅस्टरची मूर्ती हलकी आणि स्वस्त, पण रेल्वेच्या गर्दीत तिचे नाक शाबूत राहत नाही. उलटी करून तळ पाहावा, आणि आणताना जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर आणावी. शेवटच्या दिवशी मूर्तींचे भाव उतरतात. तेवढा धीर असेल तर थांबावे.

शहरातली खरेदी दुसऱ्या दिवशी. कपडा घ्यायचा तर गांधीबाग. वंदनेसाठी पांढरी साडी किंवा सदऱ्याचे कापड चार दुकाने फिरून घ्यावे. मिरची-मसाला, भांडी इतवारीत. भिवापूरची लाल मिरची अख्खी घ्यावी, कुटलेली नको. सीताबर्डीचा बाजार तयार कपड्यांचा आणि झगमगाटाचा. तिथल्या गल्ल्यांना मोदी नंबर एक, दोन, तीन अशी नावे आहेत, चुकामूक झाली तर भेटण्याची जागा आधीच ठरवावी.

जवळच एम्प्रेस मॉल आहे. तिथे काही घेतले नाही तरी चालेल, पण पोरांना ती जागा दाखवावी. १८७७ साली सुरू झालेली टाटांची एम्प्रेस मिल इथे होती. आपल्या समाजाच्या कितीतरी घरांची चूल तिच्या भोंग्यावर पेटली. २००२ साली ती बंद पडली. आज त्याच जमिनीवर सरकता जिना आहे, आणि त्यावर चढायला आपलीच पोरे रांग लावतात.

आता संत्री. नागपूरला जाऊन संत्री नाही आणली तर शेजारी विचारणारच! पण दसऱ्याला आंबिया बहार नुकता सुरू झालेला असतो. फळ हिरवट आणि आंबट निघण्याची शक्यता फार. तीच संत्री डिसेंबरात पनवेलच्या बाजारात गोड होऊन येतात. करंडीचे ओझे वाहण्यापेक्षा अर्धा किलो संत्रा बर्फी घ्यावी, ती किती दिवस टिकेल हे दुकानदाराला विचारून.

परतीच्या गाडीत खंड बाकाखाली ठेवू नयेत. रात्री कोणाची तरी पाण्याची बाटली हमखास सांडते. ते उशाशी घ्यावेत, आणि चपला बाकाखाली.