हाली आणि कलदार

आमचे मुखेड निजामाच्या राज्यातले. तिथे हाली सिक्का चाले; ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया तो कलदार. सात हालींना सहा कलदार, असा साधारण भाव. निजामाचे राज्य १९४८ साली गेले, पण हाली लगेच गेला नाही. तो १९५९ पर्यंत चालला. त्यामुळे आजीने गाडग्यात साठविलेल्या पैशाचे एका रात्रीत खापर झाले नाही.

व्हिडिओ गेमची यंत्रे बनविणाऱ्यांपुढे दर पाच-सात वर्षांनी हाच प्रश्न उभा राहतो. नवे यंत्र काढले, तर लोकांच्या घरातल्या जुन्या खेळांचे काय? २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ चे उत्तर मला फार आवडते. पहिल्या प्लेस्टेशनचा मेंदूच त्यांनी नव्याच्या पोटात ठेवला. एरवी तो वरकामाला. जुनी तबकडी आत सरकली की तोच घरधनी! अशी सोळा कोटी यंत्रे खपली. अर्थात त्यावर सिनेमाच्या डीव्हीडीही दिसत, याचे श्रेय वेगळे द्यायला हवे.

पण जुन्याला सांभाळले म्हणजे लक्ष्मी पावलीच, असेही नाही. निन्टेन्डोच्या २०१२ सालच्या वी यूवर आधीच्या वीचे खेळ चालत. तरी ते दीड कोटीही खपले नाही. उलट २०१३ चे प्लेस्टेशन ४ थोरल्या भावाच्या तबकड्यांना ओळखही दाखवीत नसे, आणि लोकांनी ते अकरा कोटींहून अधिक घेतले. नवे खेळ मनात भरले की बहुतेकांना जुन्याची आठवण राहत नाही. आठवण राहते ती ज्याने एकेक करून जमविले त्याला.

माझी पुतणी त्यांतलीच. तिच्या नऊ तबकड्या म्हणजे चार भाऊबिजांची ओवाळणी. यंदा तिला प्लेस्टेशन ५ हवे होते. त्यावर ४ चे जवळजवळ सारे खेळ चालतात, हे तिने आईला आधीच पटवून ठेवले होते. दुकानदाराने स्वस्तातले मॉडेल पुढे केले. वहिनींना यातले ओ की ठो कळत नाही. त्यांनी ते चहूबाजूंनी न्याहाळले आणि विचारले, "अहो, पण तबकडी घालायला याला तोंड कुठे आहे?"

तोंड नव्हतेच. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे, असे तो म्हणाला. पुतणीने काही न बोलता पिशवीतल्या नऊ तबकड्या काउंटरवर ओळीने मांडल्या.

"तोंडवाले दाखवा," वहिनी म्हणाल्या.