बसायला जागा

आमची पेढी कापसाची आणि धान्याची. घरात मोटारी आल्या त्या मालाच्या आणि माणसांच्या सोयीसाठी. केवळ हौसेसाठी एकही आली नव्हती. म्हणून २०१६ साली चिरंजीवांनी मुंबईहून एक जुनी, दोन आसनी स्पोर्ट्स कार आणली तेव्हा पेढीवर कोणी काही बोलले नाही. आमच्याकडे न बोलणे हेच पुष्कळ बोलणे असते. पैसे त्याच्या स्वतःच्या कमाईचे होते. तरी मी म्हणालोच, "दोन माणसांची गाडी, आणि घरात माणसे अकरा!"

गाडीचे नाव येथे देत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात दोष गाडीचा नव्हता, आधीच्या मालकाच्या हौसेचा होता. आणि थोडा माझाही होता.

जळगावहून धुळ्याला जाणारा जुना सहा नंबरचा महामार्ग, म्हणजे आताचा ५३, त्या वेळी दुपदरी होता. बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडला की पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे आणि मग धुळे. वाटेत बहुतेक काळी कपाशीची जमीन. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यामुळे वरचे डांबर नवे असले तरी काही वर्षांत रस्त्याला लाटा येतात. आमच्या घरच्या मोठ्या गाडीत त्या लाटा जाणवतही नसत. ही गाडी मात्र ताशी सत्तरच्या आसपास गेली की तोंड वर-खाली करू लागे. एक उडी संपण्याआधी दुसरी सुरू होई.

श्रावणात आम्ही दोघे धुळ्याला बहिणीकडे गेलो होतो. परतताना सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण व्हावे म्हणून घाई मीच केली. पारोळा मागे पडल्यावर ओल्या रस्त्यावर एक वळण आले. चिरंजीवांनी स्टिअरिंग वळवले, पण पुढची चाके त्याच क्षणी लाटेवरून उचलली गेली होती. गाडी वळली नाही, सरळ गेली. समोरून ट्रक येत होता. त्या चालकाने आपली गाडी खडीवर उतरवली म्हणून आज हा लेख लिहीत आहे.

घरी आम्ही कोणालाच काही सांगितले नाही. रात्री मी त्याला म्हणालो, "विकून टाक." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पप्पा, विकली तर घेणाराही असाच एखाद्या वळणावर जाईल ना? दोष सापडेपर्यंत मी ती कोणाला देणार नाही."

या उत्तरापुढे मला बोलता आले नाही. त्याऐवजी मी व्यापाऱ्याची नेहमीची चूक केली: पैसे पुढे केले. नाशिकहून महागडे आणि जास्तीत जास्त कडक शॉकअप मागवून बसवले. गाडी उडते म्हणजे ती ढिली आहे, आवळली की सुधारेल, असा माझा हिशेब. बसवल्यावर ती आणखी वाईट चालू लागली.

मग त्याने माझ्याच पेढीची रीत मला शिकवली. ताळेबंद जुळत नसेल तर आपण सगळ्या नोंदी एकदम खोडत नाही; एकेक नोंद तपासतो. त्याने एक वही घातली आणि ठरवले की एका वेळी एकच बदल करायचा, तोच रस्ता, तोच वेग, आणि काय जाणवले ते लगेच लिहायचे.

पहिली नोंद टायरची. गाडी थंड असताना हवा मोजली, तर दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिल्यापेक्षा बरीच जास्त निघाली. टायर ही एक स्प्रिंगच असते, आणि तिला आवर घालणारे फारसे काही नसते. हवा योग्य केल्यावर बारीक थरथर गेली. मोठी उडी तशीच राहिली.

दुसरी नोंद लाटांची. एका सकाळी रहदारी नसताना त्याने रस्त्याच्या कडेने पावले मोजली. लाटा साधारण बारा मीटरवर होत्या. ताशी सत्तर म्हणजे सेकंदाला एकोणीस मीटरहून थोडे अधिक, म्हणजे सेकंदाला दीड लाटेहून जास्त. आखूड आणि कडक स्प्रिंगची गाडी साधारण याच तालावर झुलते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसे रस्ता तिला देत होता.

तिसरी नोंद सर्वांत स्वस्त. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर त्याने प्लास्टिकची एक पातळ पट्टी आवळून बांधली. गाडी दबली की पट्टी दांड्यावर सरकते आणि तेथेच राहते. धुळ्यापर्यंत जाऊन पाहिले, तर पुढच्या दोन्ही पट्ट्या थेट रबराच्या ठोकळ्याला भिडल्या होत्या.

धुळ्यात आग्रा रस्त्यावर ट्रकचे पाटे बसवणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांनी पट्टी पाहिली, चाकामागे हात घातला आणि म्हणाले, "शेठजी, ही गाडी उड्या मारत नाही. हिला बसायला जागाच नाही."

आधीच्या मालकाने गाडी जमिनीलगत दिसावी म्हणून पुढच्या स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापले होते. सहा वेढ्यांतले दीड गेले की स्प्रिंग आखूड तर होतेच, शिवाय एक तृतीयांशाने अधिक कडकही होते. दबायला अंतर उरत नाही. गाडी रबरावर आदळते आणि रबर तिला वर फेकते. माझ्या कडक शॉकअपने त्यात भर घातली. एका लाटेत दबलेले चाक पुरते खाली येण्याआधी दुसरी लाट येई, आणि गाडी अधिकाधिक खालीच बसत जाई.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट समजावली. ट्रकचे पाटे एकमेकांवर घासतात, ते घर्षणच झोका थोडाफार मोडते. गुंडाळीच्या स्प्रिंगला असे घर्षण नाही. ती घेतलेली ठेव जशीच्या तशी परत करते. तो जोर खर्ची टाकायचे काम शॉकअपचे; त्यातील तेल बारीक छिद्रांतून जाते आणि उडीची उष्णता होते. म्हणून फेरी झाल्यावर चारही शॉकअपना हात लावावा. एखादा इतरांपेक्षा थंड असेल तर तो काम करत नाही.

पुढचे स्प्रिंग मागच्यापेक्षा कडक झाल्याने गाडी डोके हलवत होती, हेही उलगडले. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेले मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३०च्या दशकात दाखवून दिले होते की मागच्या स्प्रिंगचा ताल पुढच्यापेक्षा किंचित जलद हवा. लाट पुढच्या चाकांना आधी लागते. मागच्यांनी तो उशीर भरून काढला तरच गाडी सपाट राहते. आमच्या गाडीत नेमके उलटे झाले होते.

मूळ लांबीचे स्प्रिंग मागवले. शॉकअप सर्वांत सैल करून एकेक टिचकी आवळत गेलो; पाचव्या टिचकीला थांबलो. शेवटी मिस्त्रींनी आर्मच्या बुशांचे बोल्ट सोडले आणि गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळले. जॅकवर चाके लोंबकळत असताना ते आवळले, तर गाडी खाली येताच आतले रबर पिळले जाते आणि तेही स्प्रिंगसारखे ढकलू लागते. ही शेवटची नोंद होती. परतताना त्याच लाटांवर गाडी एकदा दबली, एकदा उठली आणि स्थिर झाली.

एरंडोलपर्यंत आम्ही काही बोललो नाही. मग मी म्हणालो, "माझे शॉकअपचे पैसे फुकट गेले नाहीत ना?"

तो हसला. "नाही पप्पा. फक्त फार आवळले होते."

त्याच्याशी मी पेढीवर कसा वागत आलो, हे त्या वाक्यात त्याच्या मनात होते की नाही, मी विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून हुंडेकऱ्याशी बोलायचे काम मात्र त्याच्याकडे दिले, आणि मध्ये बोललो नाही.

दिवाळीनंतर आई म्हणाली, तिला लेकीला भेटायचे आहे आणि नातवाच्या गाडीतूनच जायचे आहे. वय एक्क्याऐंशी, कंबर दुखरी. मी मागून मोठ्या गाडीत निघालो, डोळे पुढच्या गाडीवरून हलत नव्हते. धुळ्यात उतरल्यावर चिरंजीवांना विचारले, "आजीला त्रास झाला का?"

"पारोळा कधी गेले, दादीला कळलेच नाही," तो म्हणाला. "झोपल्या होत्या."