रहाटाची माळ

रविवारच्या मिस्सेला पुरुषांची एक ठरलेली जागा असते. ती म्हणजे मंदिराचा मागचा दरवाजा. पुढची बाके रिकामी असली तरी ही मंडळी हात पाठीशी बांधून तिथेच उभी राहतात. एक पाय उंबरठ्याच्या आत, दुसरा बाहेर. प्रवचन लांबले की बाहेरचा पाय जिंकतो. आजवर ज्या ज्या धर्मग्रामांत मी सेवा केली, तिथे हे दृश्य फारसे बदललेले दिसले नाही. गंमत अशी की, सणाचा मांडव घालायला, मयताला खांदा द्यायला, रात्री दोन वाजता शेजाऱ्याला इस्पितळात न्यायला हेच पुरुष सर्वांच्या पुढे असतात. त्यांच्या ठायी श्रद्धा नाही असे कोण म्हणेल? पण संध्याकाळची रोझरी घरातील बाईने सुरू करायची आणि कर्त्या पुरुषाने शेवटच्या दशकाला, पाय धुऊन, हळूच येऊन बसायचे, ही आपल्या घराघरांतील रीत होऊन बसली आहे.

असे का व्हावे? मला वाटते, पुरुष प्रार्थनेकडे कामाच्या नजरेने पाहतो. वाडीत केळ लावली की घड येतो. महिनाभर लोकलचे धक्के खाल्ले की एक तारखेला पगार होतो. तोच हिशेब तो देवापुढे मांडतो. मुलाची नोकरी, बायकोचे आजारपण, जमिनीचा दावा, काहीतरी घेऊन तो येतो. नऊ दिवसांची नव्हेना करतो, नवस बोलतो, चार महिने वाट पाहतो. काही घडले नाही की गाजावाजा न करता थांबतो. त्याचा देवावरचा विश्वास उडतो असे नाही. पुन्हा पुन्हा मागणे त्याला कमीपणाचे वाटते, एवढेच.

प्रभू येशूने चिकाटीच्या प्रार्थनेचा दाखला देताना एका विधवेची निवड केली, ती मला या दृष्टीने फार अर्थपूर्ण वाटते. संत लूकच्या अठराव्या अध्यायातील या बाईपाशी वशिला नाही, पैसा नाही, बाजू मांडणारा पुरुष नाही. आहेत ते फक्त न्यायाधीशाच्या दारापर्यंत चालत जाणारे दोन पाय. ऐकायला हा दाखला सोपा आहे. पण चारचौघांत मान असलेल्या पुरुषाने त्या विधवेच्या जागी जाऊन उभे राहणे सोपे नाही. देव त्या निष्ठुर न्यायाधीशासारखा आहे, असे प्रभू सांगत नाही. असला माणूसही अखेर ऐकतो, मग पिता कसा ऐकणार नाही, एवढाच त्याचा मुद्दा. आणि दाखला संपतो तो एका प्रश्नावर: मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल का? न्यायाधीशाची गोष्ट सुरू झाली, आणि पिंजऱ्यात मात्र आपण उभे राहिलो!

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक सत्तरीचे गृहस्थ माझ्याकडे आले. छत्री बाहेर ठेवली, बसले, आणि कोणतीही प्रस्तावना न करता म्हणाले, “फादर, एकोणीस वर्षे झाली. रोज रात्री मुलासाठी रोझरी म्हणतो. तो अजून पितोच. आता थांबू का?”

उत्तरे माझ्यापाशी होती. सेमिनरीत शिकलेली. संत मोनिकाने मुलासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले आणि ३८७ साली ऑगस्तीनचा बाप्तिस्मा झाला, हे मी प्रवचनातून अनेकदा सांगितले होते. पण ज्याचा मुलगा परतलेला नाही अशा बापाला, परतलेल्या मुलाची गोष्ट सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. मी म्हटले, “काका, या एकोणीस वर्षांत काय काय झाले ते सांगा.”

त्यांनी सांगितले. कर्जापायी वाडीचा एक तुकडा विकला. सून एकदा माहेरी निघून गेली, नातवांसाठी परत आली. व्यसनमुक्ती केंद्राच्या दोन फेऱ्या झाल्या. भाऊबंद म्हणतात, घराबाहेर काढ त्याला. मग थोडे थांबून ते म्हणाले, “पण रोझरी म्हणून झाली की दाराला कडी लावायला हात उठत नाही, फादर.”

मी त्यावर काही बोललो नाही. मध्यरात्री मित्राचे दार ठोठावणाऱ्या माणसाचा दाखला आपल्याला पाठ आहे. हा बाप देवाच्या दाराबाहेर एकोणीस वर्षे ठोठावत होता आणि त्याच वेळी स्वतःच्या घराच्या दाराआड, कडी न लावता, जागा राहत होता. त्याची प्रार्थना फळाला आली असे मी म्हणणार नाही. सुनेने जे सोसले ते तर कोणत्याच गोड शब्दांनी झाकता येणार नाही. प्रार्थना चालू आहे म्हणून औषधोपचार किंवा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा टाळणे ही श्रद्धा नव्हे, हेही मी त्यांना सांगितले. थांबा मात्र म्हटले नाही. ते आजही थांबलेले नाहीत, आणि मुलगा आजही पितो.

आविलाच्या संत तेरेजाने १५६० च्या दशकात लिहिलेल्या आत्मचरित्रात प्रार्थनेला बागेच्या शिंपणाची उपमा दिली आहे. पाणी चार प्रकारे मिळते, असे ती सांगते: विहिरीतून हाताने शेंदून, रहाटाने, पाटाने, आणि शेवटी आकाशातून पडणाऱ्या पावसाने. स्पेनमधल्या त्या मठवासिनीला रहाट ठाऊक होता, आणि आमच्या वसईच्या वाड्या तर पिढ्यान्‌पिढ्या रहाटावरच भिजल्या. पुढे विजेचे पंप आले. माझ्या लहानपणी एखाद्या विहिरीवर मोडका रहाट तेवढा उरला होता. गाडग्यांच्या त्या दोरालाही आपण माळच म्हणत होतो. भरलेले गाडगे वर येते, पन्हळीत रिते होते, रितेच खाली जाते. डोळ्यांना झापडे लावलेला रेडा गोल गोल फिरतो. त्याला पाणी दिसत नाही, माडही दिसत नाही. आणि विहीरच कोरडी पडली तर? माळ्याने आपल्याकडून होईल ते करावे, फुले जगवणे देवाकडे, असे तेरेजाचे उत्तर आहे. ही सांगणारी बाई काही वर्षे प्रार्थनेला बसून तास कधी संपतो याकडे कान लावून असे. ते तिने स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

मागितले ते न मिळालेला एक पुरुष तर आपल्याच मातीतला आहे. वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाने तरुणपणी जपानमध्ये येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली सेवा केली. त्या संघात आपल्याला घ्यावे ही त्याची मनीषा होती. ती पूर्ण झाली नाही. तो व्यापारात शिरला, त्यात जमही बसला. पण मूळची ओढ सुटली नाही. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्याला बंधू म्हणून स्वीकारले. १५९३ मध्ये तो दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मेला. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्याला संत घोषित केले. आपण त्याची मिरवणूक काढतो, लाडू वाटतो. एका बंद दारापुढे त्याने घालवलेली वर्षे मिरवणुकीत दिसत नाहीत.

सध्या आमच्या धर्मग्रामात दर गुरुवारी रात्री साडेआठ वाजता काही पुरुष पवित्र साक्रामेंतापुढे अर्धा तास बसतात. सुरुवातीला अकरा होते, आता पाच उरले आहेत. त्यांतले एक, दिवसभर टेम्पो चालवून येणारे, दहाव्या मिनिटाला डुलक्या घेऊ लागतात. बाकीच्यांनी माझ्याकडे तक्रार केली. मी म्हटले, गेथशेमनेच्या बागेत प्रभू तेच शब्द तिसऱ्यांदा म्हणत होता तेव्हा पेत्र, याकोब आणि योहान काय करत होते? टेम्पोवाल्यांना पुढच्या गुरुवारी येताना सोबत शेजाऱ्यालाही घेऊन यायला सांगितले आहे.